‘जाझ मीट्स इंडिया’, १९६७ : तबल्यावर केशव साठे. ही तबकडी कोणी ऐकली आहे का?

नेकारकाठ (श्टुटगार्ट) :

सर्वांना नमस्कार. नोकरीनिमित्त मी गेली अकरा वर्षे जर्मनीत राहतो आणि सुट्टीच्या सकाळी जुन्या बाजारात जाऊन तबकड्यांची खोकी उपसण्याचा मला नाद आहे. गेल्या शनिवारी खडूने ‘सहलीचे संगीत’ असे लिहिलेल्या एका खोक्यात, हवाईयन गिटार आणि तिरोलच्या अ‍ॅकॉर्डियनच्या मधोमध, ‘जाझ मीट्स इंडिया’ नावाची एक तबकडी हाताला लागली. साठच्या दशकात सतारीची नुसती फोडणी दिलेल्या तबकड्या युरोपात पैशाला पासरी निघाल्या होत्या, त्यामुळे मी ती परत ठेवणारच होतो. पण मागची नामावळी वाचताना ‘केशव साठे, तबला’ या अक्षरांवर नजर अडली आणि सहा युरो मोजून मी ती घरी आणली.

नामावळी अशी आहे. सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर केशव साठे, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर. पियानोवर इरेन श्वाइट्झर, डबल बासवर उली ट्रेप्टे, ड्रम्सवर मानी नॉयमायर. शिवाय ट्रम्पेटवर मान्फ्रेड शोफ आणि सॅक्सोफोनवर बार्नी विलां. ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९६७, फिलिंगेन येथे झालेले आहे. रचना तीनच आहेत : ‘सन लव्ह’, ‘याद’ आणि ‘ब्रिगाख अँड गँजेस’.

मी ती आतापर्यंत चार वेळा ऐकली. पहिल्या वेळी दोन शेजारी आपापल्या गच्चीवर वाजवत बसले आहेत असे वाटले. चौथ्या वेळी तसे वाटले नाही, पण काय वाटले हेही मला नीट सांगता येत नाही. लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, एवढीच माझी पात्रता. तेव्हा जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. एक, ही आठ माणसे श्वार्ट्झवाल्डमधल्या एका लहानशा गावात एकत्र आली कशी? दोन, केशव साठे कोण होते, आणि आपल्याकडच्या संगीतविषयक लेखनात त्यांचे नाव इतके क्वचित का येते? तीन, ड्रम्स आणि तबला एकाच वेळी वाजू लागले की माझी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हरवते. हे संगीत ऐकताना कान नेमका कशावर ठेवायचा?

काळी तबकडी (पुणे) :

तुमचा पहिला प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

श्वार्ट्झवाल्ड म्हणजेच ‘ब्लॅक फॉरेस्ट’. ज्याच्या नावाचा केक आपल्याकडे दर दुसऱ्या वाढदिवसाला कापला जातो, त्याच डोंगराळ भागात फिलिंगेन आहे. तेथे ‘साबा’ नावाचा रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच बनवणारा मोठा कारखाना होता. मालकांच्या घराण्यातले हान्स गेऑर्ग ब्रुनर-श्वेअर हे ध्वनिमुद्रणाचे विलक्षण वेड असलेले गृहस्थ होते. ऑस्कर पीटरसनसारखा पियानोवादक त्यांच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात निवडक पाहुण्यांपुढे वाजवत असे आणि ब्रुनर-श्वेअर ते स्वतः ध्वनिमुद्रित करत असत. त्या मुद्रणांचा ठेवा पुढे ‘एक्सक्लुझिव्हली फॉर माय फ्रेंड्स’ या मालिकेतून बाहेर आला. रेडिओ विकायचा तर त्यावर ऐकायला चांगले काही हवे, अशा साध्या व्यापारी विचारातून निघालेल्या तबकड्यांच्या विभागाला या माणसाने असे वळण दिले, की युरोपातील जाझच्या ध्वनिमुद्रणाचा दर्जा मोजायचा झाला तर आजही त्याच्याकडे बोट दाखवतात. १९६८ मध्ये जीटीई ही अमेरिकन कंपनी साबामध्ये शिरली, तेव्हा ब्रुनर-श्वेअर यांनी संगीताचा भाग वेगळा काढून ‘एमपीएस’ स्थापन केली. म्हणून आधी एक काम करा : तबकडीच्या मधल्या गोल कागदावर ‘साबा’ छापले आहे की ‘एमपीएस’, ते पाहा. साबा असेल तर तुमची प्रत पहिल्या छपाईची आहे आणि सहा युरोत तुम्ही त्या विक्रेत्याला लुटले आहे.

दुसरे नाव योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांचे. बाडेन-बाडेनच्या नभोवाणीवर जाझचा विभाग सांभाळणारे हे गृहस्थ, १९५३ साली आलेल्या त्यांच्या जाझवरील पुस्तकामुळे सर्वत्र ओळखले जात. साबासाठी त्यांनी ‘जाझ मीट्स द वर्ल्ड’ ही मालिका योजली. तिच्यात जपानचा हिदेओ शिराकी कोतो हे जपानी तंतुवाद्य वाजवणाऱ्या स्त्रियांना सोबत घेऊन बर्लिनमध्ये वाजवतो, टोनी स्कॉट इंडोनेशियाच्या वादकांबरोबर ‘जांगेर बाली’ करतो, स्वित्झर्लंडचा जॉर्ज ग्रुंट्स ट्युनिशियातील बेदुइन वादकांना घेऊन ‘नून इन ट्युनिशिया’ करतो, स्पेनचा पेद्रो इतुराल्दे फ्लामेंकोकडे वळतो. भारताची पाळी १९६७ मध्ये आली. त्या वेळी बेरेंट यांना मुंबईला किंवा कोलकात्याला जाण्याची गरज पडली नाही, कारण मोतीहार आणि साठे लंडनमध्येच राहत होते आणि पाश्चात्त्य वादकांबरोबर बसण्याचा त्यांचा हात तयार झालेला होता. त्याबद्दल ‘ठेकेदार’ अधिक सांगतील असे धरून चालतो.

तिसऱ्या रचनेच्या नावाकडे आपण लक्ष दिले का? ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी लहानशी नदी आहे. थोडे खाली दोनाउएशिंगेनजवळ ती ब्रेग नदीला मिळते आणि तेथून पुढच्या प्रवाहाला डॅन्यूब म्हणतात. म्हणजे ‘ब्रिगाख आणि गंगा’ हे नाव ‘मुठा आणि ॲमेझॉन’ अशा धाटणीचे आहे. ज्याने कोणी ते सुचवले त्याला स्वतःच्या गावाची चेष्टा करता येत होती, हे मला फार आवडते. त्या काळच्या ‘पूर्वेचे गूढ’ छापाच्या नावांपुढे तर फारच.

वादकांविषयी थोडेसे. इरेन श्वाइट्झर यांचा जन्म १९४१ मध्ये जर्मन सीमेलगतच्या शाफहाउझेन या स्विस गावी झाला. झ्यूरिखच्या ‘आफ्रिकाना’ या क्लबमध्ये वर्णभेदी राजवट सोडून आलेले दक्षिण आफ्रिकेचे वादक वाजवत, त्यांचे संगीत ऐकत त्यांची पियानोची समज घडली. त्या स्वतः ड्रम्सही वाजवत, आणि तालवाद्याशी पियानोचा संवाद हा त्यांच्या वादनाचा कणा होता, हे या तबकडीच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२४ च्या जुलैमध्ये त्या गेल्या, तोपर्यंत युरोपीय मुक्त जाझमधील अग्रगण्य पियानोवादक असा त्यांचा लौकिक झालेला होता. बार्नी विलां यांनी १९५७ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये माइल्स डेव्हिसबरोबर ध्वनिमुद्रण केले होते. ट्रेप्टे आणि नॉयमायर यांनी पुढच्याच वर्षी ‘गुरू गुरू’ नावाचा रॉक चमू काढला. जर्मन रॉकच्या चाहत्यांना तो ठाऊक असतो, पण त्याच जोडीने आदल्या वर्षी तंबोऱ्याशेजारी बसून वाजवले होते हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते.

ही तबकडी विस्मरणात का गेली, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे, की जाझवाल्यांनी तिला सहलीच्या खोक्यात टाकले आणि आपल्या शास्त्रीय संगीताच्या रसिकांपर्यंत ती कधी पोहोचलीच नाही. नंतर सत्तरच्या दशकात जॉन मॅकलॉक्लिन आणि झाकिर हुसेन यांचा ‘शक्ती’ हा मेळ आला आणि भारत व जाझ यांच्या मेळाची गोष्ट तेथूनच सुरू होते, असा सगळ्यांचा समज झाला.

ठेकेदार (लंडन) :

‘काळी तबकडी’ यांनी माझ्यावर सोपवलेले काम आनंदाने करतो. मी येथे शनिवार-रविवार मुलांना तबला शिकवतो, आणि लंडनमध्ये तबला शिकवणाऱ्या कोणालाही साठ्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

केशव साठे यांचा जन्म १९२८ मध्ये मुंबईत झाला आणि १९५६ मध्ये ते लंडनला आले. हे साल महत्त्वाचे आहे. ज्या काळात सतार म्हणजे काय हे येथे शंभरात एखाद्यालाच ठाऊक होते, त्या काळापासून ते येथे तबला वाजवत होते. उत्तर लंडनमध्ये अय्यना अंगडी या कन्नड गृहस्थांनी आणि त्यांच्या इंग्लिश पत्नीने चालवलेले ‘एशियन म्युझिक सर्कल’ हे त्या काळी भारतीय संगीताचे मोठे ठिकाण होते. बीटल्सना भारतीय वादक लागले तेव्हा ते याच मंडळातून मिळाले, आणि १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीवर अनिल भागवत हे नाव तबलावादक म्हणून छापलेले आहे. साठे, भागवत आणि खाली येणारे पैगणकर ही नावे एका दमात वाचली, की त्या वेळच्या लंडनमध्ये आपल्या बाजूची माणसे किती ठिकाणी पायाच्या दगडासारखी बसवलेली होती, हे कळते.

आता त्या ‘तयार झालेल्या हाता’विषयी. फिलिंगेनच्या दोन वर्षे आधी, १९६५ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत ‘इंडो-जाझ स्वीट’ (स्वीट म्हणजे एकापाठोपाठ वाजवायच्या रचनांची माळ) ध्वनिमुद्रित झाली. तिची रचना जॉन मेयर यांची. मेयर कोलकात्याचे अँग्लो-इंडियन. मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांकडे, ते व्हायोलिन शिकले, शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत आले आणि पुढे तेथील मोठ्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी एकदा त्यांना विचारले, की एका तबकडीची उरलेली जागा भरण्यासाठी भारतीय ढंगाची जाझ रचना तुमच्याकडे तयार आहे का. मेयर यांनी बेधडक ‘आहे’ म्हणून सांगितले, आणि घरी जाऊन रात्रभर बसून ती लिहिली. हा किस्सा मेयर स्वतः सांगत असत. ती रचना अटलांटिक कंपनीच्या अहमेत एर्तेगुन यांच्या कानावर पडली आणि पूर्ण तबकडीची मागणी आली.

त्या तबकडीवर पाच अधिक पाच असे दहा वादक आहेत. एका बाजूला जमैकाचे ऑल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट, ट्रम्पेटवर केनी व्हीलर, पियानोवर पॅट स्माइद, डबल बासवर रिक लेअर्ड, ड्रम्सवर अ‍ॅलन गॅन्ली. दुसऱ्या बाजूला व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्डवर स्वतः मेयर, बासरीवर ख्रिस टेलर, सतारीवर मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर आणि तबल्यावर केशव साठे. त्यातले लेअर्ड पुढे मॅकलॉक्लिनच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त गेले, म्हणजे ‘शक्ती’च्या आधीचा एक धागा साठ्यांच्या शेजारच्या खुर्चीतून निघतो. याच मेळातून १९६७ आणि १९६८ मध्ये आणखी दोन तबकड्या निघाल्या. साठे पुढे ‘मॅजिक कार्पेट’ या चमूत आणि जॉन रेनबर्न यांच्या लोकसंगीताच्या मेळातही वाजवत राहिले. २०१२ मध्ये ते वारले.

आता कानाचा प्रश्न. मुळात या दोन संगीतांना एकत्र बसवणे हे अडचणींचे काम आहे, आणि त्या अडचणी भावनिक नसून अगदी सुताराच्या कामासारख्या आहेत. सतार साधारणपणे काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास लावतात. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही वाद्ये अशी बनवलेली असतात, की त्यांच्या वादकाला यांतली पांढरी दोन गैरसोयीची पडते. तबला एकदा षड्जाला लावला की तो हातोडीने गट्टे ठोकल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे पियानोने मध्येच स्वरपट्टी बदलली तर तबला तेथेच एकटा राहतो. पियानोचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तुम्ही पेटी शिकला आहात, तेव्हा पेटी आणि तंबोरा यांच्यातले हे जुने भांडण तुम्हाला वेगळे सांगायला नको. आणि जाझची मुख्य इमारत ज्यावर उभी असते तो बदलत्या स्वरसमूहांचा (कॉर्ड्सचा) क्रम तर अढळ षड्जाच्या थेट विरोधात जातो.

मेयर यांनी ही अडचण कागदावर सोडवली. भारतीय बाजूचे बरेचसे वादन त्यांनी लिहून दिले आणि जाझवाल्यांना रागाचे स्वर देऊन त्यांतच फिरण्याचे बंधन घातले. फिलिंगेनची गंमत वेगळी आहे. श्वाइट्झर, शोफ आणि नॉयमायर ही मंडळी नेमक्या त्याच सुमारास स्वरसमूहांचा क्रमही सोडत होती आणि ठरलेल्या मात्रांची चौकटही. त्यामुळे जे लंडनमध्ये लिहून साधावे लागले, त्याची निम्मी अडचण येथे आधीच गळून पडली होती. षड्जावर कितीही वेळ थांबायला हे वादक मोकळे होते. म्हणून ‘स्वीट’ अधिक नीटनेटकी असली तरी मला फिलिंगेनची तबकडी अधिक जिवंत वाटते. या मताशी माझे अनेक मित्र सहमत नाहीत.

समेबद्दल. पारंपरिक जाझमध्ये ड्रम्सवादक झांजेवर जी लय धरतो तिच्यात एका मात्रेचे दोन भाग समान नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. तबल्याची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, मात्र सरळ दोन समान भागांची असते. दोन्ही एकत्र वाजली की मात्रेच्या पोटात घासाघीस होते, आणि तुमचा कान तेथे गोंधळतो. मात्रांचे गणित खरे तर जुळते : तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे जाझच्या चार-चार मात्रांची चार घरे, आणि बारा घरांचा ब्लूज म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तने. पण वजन जुळत नाही, कारण जाझचा ड्रम्सवादक घरातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी दिल्यासारखा आघात करतो आणि आपल्याला पहिलीवर यायचे असते.

यावर माझा विद्यार्थ्यांना दिलेला उपाय असा, की ड्रम्स पूर्ण विसरा, दाया म्हणजे उजव्या हाताचा तबलाही विसरा, आणि फक्त बायाच्या, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याच्या, घुमाऱ्यावर कान ठेवा. तीनतालात ‘धा तिं तिं ता, ता’ येथे बाया मिटतो, म्हणजे दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत खालचा घुमारा नाहीसा होतो. तो पुन्हा ऐकू आला की ती चौदावी मात्रा. तेथून तीन मात्रा पुढे मोजा, तुम्ही समेवर आहात. वर कोणी कितीही धुमाकूळ घालू दे. इतर तालांतही ‘खाली’ (टाळीविना जाणारी जागा) अशीच बायाच्या मौनात दडलेली असते, फक्त तिची जागा वेगळी असते. आणि नॉयमायर जेव्हा झांजेवरची ती लय सोडून नुसते ध्वनीचे लोट सोडतात, तेव्हा बाया ऐकणे एकदम सोपे जाते, हे आपल्या लक्षात येईल.

शंकासुर (रत्नागिरी) :

वरील सर्व माहितीबद्दल आदर बाळगून एक शंका मांडतो. तबकडीचे नाव ‘जाझ भारताला भेटते’ असे आहे. भेटायला निघालेले जाझ आहे, भारत आपल्या जागी बसून आहे. त्या मालिकेतली प्रत्येक तबकडी याच व्याकरणाची. लंडनच्या मेळात तर जाझवाले मोकळेपणाने वाजवतात आणि आपले लोक लिहून दिलेले वाजवतात, हे ‘ठेकेदार’ यांनीच कबूल केले आहे. ज्या संगीताचा प्राणच उपजेत, म्हणजे आयत्या वेळी सुचण्यात, आहे, त्याच्या वादकांना कागद देऊन बसवायचे आणि ज्यांना राग कालपरवा समजला त्यांना विस्तार करायला सोडायचे, याला सहयोग म्हणावे काय? साठ्यांच्या वाट्याला ठेका धरणे आले. नामावळीत मराठी आडनाव दिसले म्हणून आपण हरखून जातो, पण आडनाव म्हणजे वाटा नव्हे.

ठेकेदार (लंडन) :

लिहून देण्याबद्दलचा आपला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मेयर हे रचनाकार होते, आणि त्यांनी सर्वांनाच आपल्या रचनेत बसवले, हॅरियट यांनाही. ज्या हॅरियट यांनी १९६० मध्येच ‘फ्री फॉर्म’ या तबकडीवर जाझच्या सगळ्या चौकटी मोडून दाखवल्या होत्या, त्यांना येथे रागाच्या पाच-सात स्वरांत राहावे लागले, हे बंधन काही लहान नव्हते.

ठेक्याबद्दलचा आक्षेप मात्र अजिबात मान्य नाही. जो वादक गाण्याला साथ करतो त्याला विचारा, की विलंबितात ठेका ‘नुसता धरणे’ म्हणजे काय असते. जेथे सात माणसे सात दिशांना जात आहेत तेथे एकानेच लय जागेवर ठेवणे, आणि ती अशी ठेवणे की इतरांना ती खुंटी वाटेल, बेडी वाटणार नाही, हे त्या खोलीतले सर्वांत जबाबदारीचे काम होते. शिवाय फिलिंगेनला कागद नव्हता. तेथे साठे जे करतात ते त्या क्षणी ऐकून करतात. नावाच्या व्याकरणाबद्दल मात्र आपले म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि तो निर्मात्यांच्या काळाचा दोष होता.

तियात्रप्रेमी (मडगाव) :

या चर्चेत गोव्याचे नाव अद्याप आले नाही, म्हणून लिहितो. पोर्तुगीज काळात आमच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे मुंबईच्या हॉटेलांतले जाझ आणि चित्रपटांचे वाद्यवृंद ही दोन्ही ठिकाणे गोवेकरांनी भरलेली होती. राग आणि वाद्यवृंद यांची गाठ घालण्याचा प्रयत्न त्यांच्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्येच मुंबईत केला होता, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले होते. सगळे काही लंडनमध्येच सुरू झाले असे नाही.

पण मला सांगायचे आहे ते ‘हम दोनो’ या १९६९ च्या तबकडीबद्दल. अमान्सिओ डिसिल्वा हे मुंबईत १९३६ मध्ये गोवेकर कुटुंबात जन्मलेले गिटारवादक. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले आणि वर ज्यांचे नाव आले त्याच डेनिस प्रेस्टन यांनी त्यांना ध्वनिमुद्रणाची संधी दिली. ‘हम दोनो’मधला दुसरा म्हणजे जो हॅरियट. सोबत ट्रम्पेटवर इयन कार, आवाज नॉर्मा विन्स्टन यांचा, बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रम्सवर ब्रायन स्प्रिंग. या तबकडीवर सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. तरीही ती ऐकताना क्षणभरही शंका येत नाही, की गिटारवाल्याच्या कानात आपल्याकडचे स्वर मुरलेले आहेत. तारेला ओढ देऊन ते स्वरावर जसे येतात, तसे मींडेची सवय असलेला माणूसच येऊ शकतो. ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना मी माझ्या मामांच्या घरी प्रथम ऐकली. पावसाळा होता, वीज दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा मामांनी सुई उचलून तबकडी पहिल्यापासून लावली.

‘शंकासुर’ यांच्या शंकेचे माझे उत्तर हेच आहे. जेथे दोन बाजू मांडून बसवाव्या लागतात तेथे कोण कोणाला भेटते हा प्रश्न उरतोच. डिसिल्वांच्या बाबतीत दोन्ही बाजू एकाच माणसात होत्या, आणि समोर किंग्स्टनमधल्या ख्रिस्ती जोगिणींच्या अनाथाश्रमशाळेत सॅक्सोफोन शिकलेला हॅरियट होता. दोघेही इंग्लंडात उपरेच. हॅरियट १९७३ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. ‘हम दोनो’ अनेक वर्षे बाजारात मिळत नव्हती आणि मूळ प्रतीला संग्राहक वाटेल ती किंमत देत; आता ती नव्याने निघाली आहे. आधी ती ऐका, मग पुन्हा फिलिंगेनकडे या.

शंकासुर (रत्नागिरी) :

‘हम दोनो’ ऐकेन. ‘खुंटी आणि बेडी’ हा भेदही विचार करण्यासारखा आहे, एवढे मान्य करतो. मालिकेच्या नावाबद्दलचा आक्षेप कायम.

नेकारकाठ (श्टुटगार्ट) :

सर्वांचे मनापासून आभार. एका खोक्यातून काढलेल्या तबकडीच्या मागे एवढे घर असेल अशी मला कल्पना नव्हती.

‘काळी तबकडी’ यांनी सांगितल्याप्रमाणे मधला कागद पाहिला. त्यावर ‘एमपीएस’ असे छापलेले आहे, म्हणजे माझी प्रत नंतरच्या छपाईची आहे आणि विक्रेत्याला मी लुटलेले नाही. थोडा हिरमोड झाला हे खरे. शिवाय दुसऱ्या बाजूवर एक चरा आहे, त्यामुळे मोतीहार एके ठिकाणी तीच हरकत चार-पाच वेळा घेतात. पहिल्यांदा मला ती तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणायचा तुकडा, वाटली होती.

‘ठेकेदार’ यांचा उपाय काल रात्री करून पाहिला. बायाशिवाय काहीही ऐकायचे नाही असे ठरवून कानाला हेडफोन लावले आणि टेबलावर बोटे मोजत बसलो. पहिल्या रचनेत दोनदा चुकलो. तिसऱ्या खेपेला मात्र पियानो आणि ड्रम्स वर कल्लोळ करत असताना खाली तो घुमारा मिटला, पुन्हा उघडला, आणि माझे बोट आपोआप टेबलावर पडले तेव्हा साठ्यांचा हातही तेथेच पडला होता. पत्नीने दारातून विचारले, की ऑफिसचे काही बिघडले आहे का.

‘इंडो-जाझ स्वीट’ आणि ‘हम दोनो’ या दोन्ही मागवल्या आहेत. येत्या शनिवारी पुन्हा त्याच विक्रेत्याकडे जाणार आहे. ‘सहलीचे संगीत’ लिहिलेली आणखी दोन खोकी मी उघडलीच नव्हती.